मी आत्याचं शुश्रूषागृह तपासतो

कुठलीही जागा चांगली की वाईट हे सांगायला मला फार वेळ लागत नाही. दारातून आत शिरायचं, एकदा नाकाने हवा ओढायची, खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवायचं आणि चहाची वाट बघत बसायचं. चहा येईपर्यंत माझा निकाल तयार! मग ते हॉटेल असो, दवाखाना असो, नाहीतर मेव्हण्याचा नवा फ्लॅट असो. मेव्हण्याने त्यानंतर मला घरी बोलावणंच बंद केलं, पण तो भाग वेगळा.

ही काही जन्मजात शक्ती नाही. मी सबंध नोकरी नळाच्या कारखान्यात काढली. गुणवत्ता विभागाचा प्रमुख! आमच्या खात्याने हात लावल्याशिवाय एकही नळ बाजारात जात नसे. आता, तपासणाऱ्यांना कोण तपासणार, असा प्रश्न तुमच्यातला एखादा चोखंदळ वाचक विचारेल. त्यावर माझी एक नामी युक्ती होती. चांगल्या नळांच्या ढिगात मी गुपचूप एक गळका नळ सरकवून द्यायचो आणि खांबाआड उभा राहायचो. तो पकडला गेला तर खातं जागं आहे. नाही पकडला गेला तर संध्याकाळी माझ्या केबिनमध्ये आरडाओरडा! अशा मुद्दाम सोडलेल्या नळाला आम्ही 'पाहुणा' म्हणत असू. "आज साहेबांनी पाहुणा सोडलाय," एवढी कुजबुज झाली तरी लोक डोळ्यांत तेल घालून कामाला लागायचे.

"अहो, उद्या तिथे जाऊन हे असलं काही करू नका," बायको म्हणाली.

"तत्त्व सगळीकडे तेच असतं."

"कसलं तत्त्व? माणूस म्हणजे काय नळ आहे?"

"गळतो कधी ना कधी," मी म्हणालो.

ती उठून आत गेली. आमच्या घरातल्या चर्चा साधारण अशाच संपतात.

'तिथे' म्हणजे कुठे, ते सांगतो. माझी आई मी लहान असतानाच गेली आणि मला वाढवलं ते आत्याने. तिने लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, कानाला हेडफोन लावून जगभराची भांडणं जोडून दिली आणि घरी येऊन माझा अभ्यास घेतला. मला ती गुंड्या म्हणते. मी निवृत्त झालो, टक्कल पडलं, कारखान्याने शाल घालून निरोप दिला, तरी मी गुंड्याच! ती आमच्याकडेच राहायची. मग एक दिवस न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही पूर्वीसारखा झाला नाही. आमचं घर वरच्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. तिला उचलताना माझी कंबर गेली. मला उचलताना बायकोची गेली. काही दिवस तर आमच्या घरात दाराची बेल वाजली की आम्ही तिघंही आपापल्या पलंगावरून एकमेकांना "बघा हो कोण आहे" म्हणायचो आणि आलेला माणूस कंटाळून निघून जायचा.

शेवटी आत्यानेच विषय काढला. गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात तिची एक्स्चेंजमधली मैत्रीण राहत होती. दोघींनी उभी नोकरी शेजारी-शेजारी बसून केलेली. त्या मैत्रिणीच्या शेजारची खोली रिकामी झाली होती.

"गुंड्या, मला तिकडे जाऊ दे," आत्या म्हणाली. "पण मिळाली तर तीच खोली. दुसरी नको. तिच्याशेजारी बसून मी अर्ध्या जगाचं बोलणं ऐकलं, आता जरा आमचं आम्हाला बोलू दे."

त्या खोलीसाठी आणखी दोन कुटुंबं टपून बसली होती. तिथली पद्धत अशी, की ज्यांना राहायला यायचं त्यांनी एक दिवस येऊन राहायचं. सोबत घरचा एक माणूस. दिवसभर तिथले लोक काही न विचारता नुसतं बघतात आणि संध्याकाळी मेट्रन निर्णय सांगतात; खोली मिळाली तर त्याच दिवसापासून तिथेच राहायचं.

"त्या बघणार तसा मीही बघणार!" मी बायकोला ठणकावलं. "आत्याला मी कुठेही टाकून येणार नाही. एक दोष सापडू दे, तिला तश्शी उचलून घरी आणतो!"

"कोण उचलणार?" आतून आवाज आला.

खरं सांगतो, सकाळी गाडीत मी तोंड पाडून बसलो होतो. आत्या मात्र नवी साडी नेसून, केसांना पिना लावून, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी बसली होती.

शुश्रूषागृहात पाऊल टाकलं आणि मी हवा ओढली. वास नाही! फिनेलचा नाही, औषधांचा नाही, लपवायला मारलेल्या अत्तराचाही नाही. खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं. स्वच्छ! भिंतीला कमरेच्या उंचीवर धरायला कठडा, पलंगाशी हाताला येईल अशी बेल, पाण्याचा पेला पोचेल अशा अंतरावर. मी न्हाणीघरातले सगळे नळ सोडून बंद केले. एकातूनही थेंब नाही! चहा आला तो गरम आणि बेताच्या साखरेचा. माझ्या अनुभवाने सांगतो, जिथे काहीच खोट दिसत नाही तिथे हमखास काहीतरी दडवलेलं असतं. माझा संशय बळावला.

मेट्रन कपाळावर चष्मा चढवून आल्या. पायात कॅनव्हासचे बूट आणि आवाज अगदी हळू. हळू बोलणाऱ्या माणसांना मी आधीपासून वचकून असतो.

"आपल्या दोन इमारती आहेत," त्या म्हणाल्या. "ही उघडी. दारं उघडी, बाग उघडी. आपलं आपल्याला कळणारी मंडळी इथे राहतात. आजींची मैत्रीण इथेच आहे. पलीकडची इमारत विसरणाऱ्या मंडळींची. तिथलं दार बंद असतं आणि सतत कुणीतरी सोबत असतं. आज दिवसभर आजी कशा आहेत ते आम्ही बघू. तुम्हीही बघा आम्ही कसे आहोत ते."

"बघणारच!" मी म्हणालो.

आत्याला तिने मागितलेल्या त्याच खोलीत चाकाच्या खुर्चीवर बसवलं. समोर कपाटाचा आरसा, त्याच्या बाजूला दार, दारातून व्हरांडा दिसतो. मैत्रीण व्यायामाला गेली होती, दुपारी येणार होती. आत्या डोळे मिटून बसली. मी पहिला पाहुणा सोडायचं ठरवलं.

पेल्यातलं थोडं पाणी मी आत्याच्या खुर्चीमागे, भिंतीलगत ओतलं. कुणी घसरू नये म्हणून स्वतः शेजारी उभा राहिलो. मी काही राक्षस नाही. तिथल्या कामाच्या मावशी दारावरून चालल्या होत्या. त्या थांबल्या, पाण्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, काही न बोलता फडकं आणून कोरडं केलं. मग हसून आत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खुर्चीवर एक रबरी चादर घालून दिली.

"हे कशाला?" आत्याने विचारलं.

"असू दे आजी. लाजायचं नाही," मावशी म्हणाल्या.

मी मनातल्या मनात पूर्ण गुण दिले. झटपट काम, शब्द गोड, वर जादा सेवा! रबरी चादर का आली याचा विचार करायचं माझ्या डोक्यात आलं नाही. पाहुणा पकडला गेला की मी पुढच्या पाहुण्याकडे वळतो, ही माझी सवय.

पुढची होती बेल. मी ती दाबली आणि दाराआड उभा राहिलो. मावशी धावत आल्या.

"काय झालं आजी?"

"काही नाही."

"बेल वाजवलीत ना?"

"मी? नाही बाई!"

"बरं बरं."

त्या गेल्या. मी पुन्हा दाबली. पहिल्यांदा कुणीही धावतं; खरी परीक्षा पुढेच असते. मावशी तेवढ्याच वेगाने आल्या.

"आजी, हाक मारलीत?"

"अगं, नाही मारली!"

"नाही ना? बरं हं. मी इथेच आहे हं. घाबरायचं नाही."

आता त्यांचा आवाज फारच मऊ झाला होता. लहान मूल झोपेतून दचकून उठलं की आपण ज्या सुरात बोलतो, तो सूर! मी खूश झालो. कितीदा बोलावलं तरी कपाळाला आठी नाही. आमच्या घरी मी दुसऱ्यांदा हाक मारली की जो आवाज येतो, तो तुम्ही ऐकायला हवा.

आता माझ्या अंगात आलं होतं. व्हरांड्यात, आत्याच्या दारासमोर एक लाकडी फलक होता. त्यावर 'आज' असं लिहिलेलं आणि खाली वाराची पाटी अडकवलेली. मंगळवार होता. रोजची पाटी बदलण्यासारख्या बारीक कामातच संस्थेची खरी परीक्षा होते! मी इकडे तिकडे बघून मंगळवार काढला आणि शुक्रवार अडकवला. अडकवून वळतो तोच मेट्रन आल्या आणि सरळ आत्याच्या खोलीत शिरल्या. मी हात पाठीमागे घेतले.

"काय आजी, बरं वाटतंय ना? आज वार कुठला हो?"

आत्याने दारातून समोरच्या फलकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "शुक्रवार."

"शुक्रवार," मेट्रननी मान डोलावली. चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा कपाळावर ठेवला आणि निघून गेल्या. जाता जाता व्हरांड्यातली पाटी त्यांनी सरळ केली की बदलली, ते मला त्यांच्या पाठीमुळे दिसलं नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर मंगळवार जागेवर होता. अफाट यंत्रणा! आमच्या कारखान्यात असं एक माणूस असतं तर मी पेढे वाटले असते.

शेवटचा पाहुणा मी जेवणानंतर सोडला. चादरींच्या कपाटात काय काय चालतं, हे कुठल्याही संस्थेत कुणी बघत नाही. मी आत्याची डावी चप्पल उचलली, बरोबर आणलेल्या पिशवीत गुंडाळली आणि व्हरांड्यातल्या कपाटात धुतलेल्या चादरींच्या मधोमध ठेवून आलो. परत येऊन खुर्चीत बसतो न बसतो तोच मावशी चप्पल घेऊन हजर!

"आजी, ही तुमची ना?"

"हो की! कुठे होती?"

"होती इथेच," मावशी म्हणाल्या, आत्याच्या पायात ती घातली आणि तिचा हात जरा वेळ हातात धरून ठेवला.

संपलं! माझा निकाल तयार होता. असं शुश्रूषागृह मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. चांगलं असूनही मला फार आनंद का होत नव्हता ते कळेना, पण नियम म्हणजे नियम. मी छाती काढून मेट्रनच्या खोलीत गेलो.

"अभिनंदन!" मी म्हणालो. "तुम्ही पास!"

"बसा," त्या म्हणाल्या.

मी बसलो. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. पाणी आधी आणि बोलणं नंतर, म्हणजे बातमी वाईट, एवढं मलाही कळतं.

"आजी फार गोड आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "पण ती खोली त्यांना देता येणार नाही."

"का?"

"त्यांना पलीकडच्या इमारतीत ठेवावं लागेल. घाबरू नका, तिथेही फार काळजी घेतात. पण आज दिवसभरात आम्ही जे पाहिलं... त्यांना बसल्या जागी लघवी होते आणि ते कळत नाही. बेल वाजवतात आणि वाजवल्याचं आठवत नाही. पाटी चुकीची लागली की मंगळवारलाही शुक्रवार म्हणतात. दुपारी तर चप्पल पिशवीत बांधून चादरींत लपवून आल्या."

"तिला चालता येत नाही!" मी ओरडलो.

"तेच ना. तरी गेल्या. अशा अवस्थेत माणसाला कुठून बळ येतं, सांगता येत नाही. म्हणूनच बंद दार लागतं."

 डोळ्यांपुढे ती बंद दाराची इमारत आली, तिच्यात एकटी बसलेली आत्या आली, आणि इकडे तिच्या मैत्रिणीशेजारी राहायला आलेली भलतीच कुणी बाई आली. आणि हे सगळं मी केलं होतं!

"मेट्रनबाई, थांबा! ते सगळं मी केलं!"

त्यांनी माझ्याकडे अतिशय मायेने पाहिलं. "घरची माणसं पांघरूण घालतात. मी समजू शकते."

"पांघरूण नाही हो! पाणी मी ओतलं! बेल मी दाबली! चप्पल मी लपवली! ती वाराची पाटीसुद्धा मीच बदलली!"

"का?"

"तपासायला."

"काय तपासायला?"

"तुम्हाला! हे आमच्या नळांमध्ये असतं. म्हणजे चांगल्या नळांत एक पाहुणा सोडायचा आणि खांबाआड उभं राहायचं."

मेट्रननी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि या खेपेला तो तिथेच राहू दिला.

"कुठल्या नळांमध्ये?" त्यांनी विचारलं. आता त्यांचाही आवाज मावशींसारखा मऊ झाला होता.

"कारखान्यातल्या. पण मी आता तिथे नसतो."

"बरं. आणि पाहुणा कोण?"

"पाहुणा म्हणजे नळच."

"अच्छा. आज वार कुठला हो?"

"शुक्रवार!" मी गडबडीत म्हणालो. दिवसभर तोच डोक्यात होता! जीभ चावली, पण वेळ निघून गेली होती.

मेट्रननी टेबलावरचा फोन ओढला, माझ्याकडून घरचा नंबर घेतला आणि समोरचं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू येईल असं बटण दाबलं.

"ताई, मी शुश्रूषागृहातून बोलतेय. तुमचे मिस्टर इथे आहेत."

"काय केलं त्यांनी?" बायको म्हणाली.

"काही केलं असेल असं का वाटलं?"

"त्याशिवाय का कुणी फोन करतं?"

"घरी ते वस्तू भलत्याच ठिकाणी ठेवतात का?"

"भलत्याच? परवा त्यांचा चष्मा साखरेच्या डब्यात सापडला!"

"तो मी तुझ्यासाठी ठेवला होता!" मी टेबलावरून वाकून ओरडलो. "डबा घासतेस की नाही बघायला!"

"पाणी वगैरे सांडतात?" मेट्रननी मला हाताने शांत करत विचारलं.

"सांडतात! आणि मग दाराआड उभे राहून बघत बसतात!"

"हे असं कधीपासून आहे?"

"लग्न झाल्यापासून!"

मेट्रननी दीर्घ श्वास घेतला. "ताई, तुम्ही इकडे येऊ शकाल? त्यांना एकट्याने पाठवायला नको वाटतं."

"निघतेच," बायको म्हणाली, आणि फोन ठेवताना हसल्यासारखा एक आवाज आला. तो मी तिला अजून माफ केलेला नाही.

मेट्रननी मावशींना बोलावून कानात काहीतरी सांगितलं. मावशी माझ्या शर्टाकडे आणि टकलाकडे नीट बघून गेटच्या दिशेने गेल्या. माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी डोकं धरून बसलो होतो. आत्याची खोली गेली होती आणि ती वाचवायला जे काही बोलावं त्याने माझीच बंद दाराकडे रवानगी होत होती.

तेवढ्यात दार ढकललं गेलं आणि चाकाची खुर्ची आत आली. खुर्चीत आत्या. मागे तिला धरून, म्हणजे खरं तर तिचाच आधार घेऊन, एक उंच म्हातारी.

"हाच का तुझा गुंड्या?" ती म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली. ही मैत्रीण. एक कान गेल्यामुळे ती सगळ्या जगाशी ट्रंककॉलच्या आवाजात बोलते. "मला वाटलं होतं अजून लहानच असेल!"

"तिथपर्यंत ओरडणं ऐकू आलं म्हणून आले," आत्या म्हणाली. "मेट्रनबाई, तो म्हणतोय ते खरं आहे. सगळं त्यानेच केलं. मी आरशात बघत होते."

"तू बघत होतीस?" मी ताडकन उठलो. "तुझे डोळे मिटलेले होते!"

"तुला लहानपणी साखर खाताना पकडायचे तेव्हाही मिटलेलेच असायचे."

"पण आजी," मेट्रन म्हणाल्या, "मी वार विचारला तेव्हा तुम्ही शुक्रवार म्हणालात."

"मग काय म्हणू? मंगळवार म्हटलं असतं तर पाटी कुणी बदलली याचा शोध घेतला असतात तुम्ही. तो सापडला असता. आमच्या घरचा माणूस पहिल्याच दिवशी चोरीत सापडलेला बरा दिसतो का? मला काय माहीत त्यावर माझी खोली अडकलीय!"

"आणि रबरी चादर?"

"म्हटलं, इथे सगळ्यांना देत असतील."

मैत्रीण एवढ्या जोरात हसली की टेबलावरचा पेला हलला. मेट्रनच्या ओठांचा एक कोपरा वर गेला, पण त्यांनी तो लगेच जागेवर आणला.

"मग तुम्ही त्यांना थांबवलं का नाही, आजी?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिचा आवाज एकदम खाली आला.

"त्याला काहीतरी खोट सापडायला हवी होती," ती म्हणाली. "ऑपरेशन झाल्यापासून तोंड पाडून फिरतोय. मला सोडून जायचं त्याच्या जिवावर आलंय. इथे एक काहीतरी वाईट निघालं असतं तर मला घरी न्यायला मोकळा झाला असता. म्हटलं, शोधू दे बिचाऱ्याला. मन भरेपर्यंत शोधलं की मग सोडवेल."

  नोकरीभर मी लोकांना ओरडत आलो की दोष सापडणं वाईट नाही, न सापडणं वाईट. त्या दिवशी पहिल्यांदाच मी दोष सापडावा म्हणून मनातून हात जोडत फिरत होतो, आणि मलाच ते माहीत नव्हतं. चुरचुरलं डोळ्यांत. मैत्रिणीने मोठ्यांदा विचारलं, "रडतोय का तो?" आणि आत्या म्हणाली, "नाही गं, त्याला सर्दी आहे."

मेट्रननी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

"आजी, खोली तुमची," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही," त्या माझ्याकडे वळल्या, "कधीही या. रोज आलात तरी चालेल. फक्त येताना हात खिशात घालून या."

आत्याला खोलीत परत नेलं. दोघी मैत्रिणींनी खुर्च्या शेजारी-शेजारी ओढून घेतल्या आणि अशी काही गप्पांना सुरुवात केली की मला मध्ये निरोप घ्यायलाही फट मिळेना. मी दारात उभा राहून म्हणालो, "आत्या, येतो मी." ती म्हणाली, "हो, ये," आणि पुढचं वाक्य मैत्रिणीला. मी थोडा वेळ थांबलो. मग पुन्हा म्हणालो, "येतो." या वेळी तिने माझा हात ओढून घेतला, त्यावर आपला गाल टेकवला आणि सोडून दिला. तिचा गाल गरम होता.

मी बागेतून गेटकडे निघालो. चार पावलं गेलो की वळून तिच्या खिडकीकडे बघायचो, पुन्हा चार पावलं. एकदा परतही फिरलो आणि मग पुन्हा गेटकडे वळलो. गेटवरचा पहारेकरी हे सगळं बघत होता. मी जवळ गेलो तसा तो उठला आणि माझ्या दंडाला हळूच धरलं.

"कुठे निघालात, आजोबा?"

"घरी."

"हो, जायचं ना घरी. बसा आधी जरा."

"अहो, मी इथे राहत नाही! माझी आत्या राहते!"

"तुमची आत्या?" त्याने माझ्या टकलाकडे पाहिलं. "बरं बरं. बसा."

माझ्या लक्षात आलं. मेट्रननी मावशींना मला बाहेर सोडू नका म्हणून सांगायला पाठवलं होतं, आणि नंतर सगळा उलगडा झाला तरी तो निरोप मागे घ्यायचं कुणाला सुचलंच नाही! दोष! दिवसभर ज्यासाठी जीव टाकला तो अस्सल, ठसठशीत दोष शेवटी सापडला होता! आणि तो कुणाला सांगावा, तर सांगणारा माणूस गेटवर अडकवून ठेवलेला!

पहारेकऱ्याने मला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. प्यायला पाणी दिलं. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून खुर्ची सावलीत ओढून दिली. मग माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "पहिले काही दिवस जड जातात, आजोबा. घर आठवतं. आपलं माणूस डोळ्यांसमोरून हलत नाही. मग हळूहळू करमायला लागतं. खरंच सांगतो."

आणि वाचकहो, मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन. त्याने मला रडू दिलं, एकदाही "उगी" म्हणाला नाही. तेवढ्यात गेटसमोर गाडी थांबली आणि कंबर धरत धरत बायको उतरली.

"ताई," पहारेकरी उठून म्हणाला, "हे तुमचेच का?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग शुश्रूषागृहाच्या त्या स्वच्छ, शांत इमारतीकडे पाहिलं. बागेकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "आमचेच."

एवढं साधं उत्तर द्यायला तिला इतका वेळ का लागला, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.